काळोख्यांच्या घरचा सर्व्हर

कौल लागल्याचा फोन आला तेव्हा गुरुप्रसाद चिंदरकर पडवीतल्या आरशासमोर दाढी करत होता. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर साबण होता. फोनवर देवस्थान कमिटीचे अध्यक्ष बाळा गावकर एवढंच म्हणाले, "देवीन कौल दिल्यान. जत्रेची तारीख इली. तुजी ती साइट उघड आता!" आणि गुरुप्रसादने वस्तरा खाली ठेवला, तो डाव्या गालावरच्या साबणाचे पापुद्रे सुटायला लागले तरी पुन्हा उचलला नाही.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय, ते कळायचं नाही. मसुऱ्याच्या पलीकडे किरवळवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या सातेरीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. भाताची कामं आटोपली की देवीला कौल लावतात, देवी तिच्या मनाला येईल ती तारीख देते, आणि ती तारीख गाभाऱ्यातून सभामंडपात येईपर्यंत मुंबईला पोचलेलीसुद्धा असते. मग डोंबिवली म्हणू नका, भांडुप म्हणू नका, जिथे म्हणून किरवळवाडीचा माणूस आहे तिथे तो हातातलं काम टाकतो आणि ओटीच्या टोकनामागे लागतो. गाडीचं तिकीट नंतर. कारण जत्रेच्या दिवशी टोकनाशिवाय रांगेत राहिलेली बाई तिन्हीसांजेला देवीपुढे पोचते, आणि तिथून पुढे वर्षभर नवऱ्याला ऐकवत राहते. ही टोकनं ज्या साइटवर मिळायची ती साइट गुरुप्रसादने केलेली. म्हणजे आता गावातल्या समस्त बायका आणि त्यांचे समस्त नवरे एकाच घटकेला त्याच्या दारात येणार होते.

"अवो, साबण तरी पुसा," त्याची बायको प्राजक्ता आतून म्हणाली.

"मागीर पुसतंय," म्हणत तो लॅपटॉपपुढे जाऊन बसला.

तशी साइट गेल्या वर्षीही होती, पण ती चालण्यापेक्षा रांगतच जास्त होती. बटण दाबायचं आणि चाक फिरताना बघत बसायचं. बाळा गावकरांच्या विहीणबाईंनी ठाण्यात बटण दाबलं, भात टाकला, भात झाला, जेवण झालं, भांडी झाली, तरी चाक आपलं फिरतंच. त्यावर विहीणबाई जे काही बोलल्या ते अध्यक्षांनी कमिटीच्या सभेत शब्दही न गाळता ऐकवलं.

गुरुप्रसादने उभं राहून समजावून सांगितलं होतं. ऑफिसचं काम घरून करता करता तो देवस्थानचं हे काम फुकट करत असे, त्यामुळे त्याला उभं राहूनच बोलावं लागे. तो म्हणाला, "सगळी माहिती डेटाबेसमध्ये असते. तो मुंबईतल्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं काम करायला तो मेमरीतला एकेक वाटा देतो. वाटा लहान असला की काम रेंगाळतं. तेव्हा वाटा थोडा वाढवू. आणि एका वेळी आत किती जणांना घ्यायचं ते ठरवू, बाकीच्यांना जरा थांबवू."

"थांबवू?" बाळा गावकर खुर्चीत पुढे सरकले. "कोणाक थांबवतलंस? मुंबयसून माणूस देवीच्या दारात येतलो आणि तू तेका उंबऱ्याभायर उभो करतलंस? आमच्या गावात ह्या कधी होवक नाय. इलेल्याक आत घेवचा आणि पोटभर वाढूचा. काय?"

सगळ्या कमिटीने माना डोलावल्या, गुरुप्रसादनेही डोलावली. मनात म्हणाला, हे बरोबर नाही. पण तोंडाने 'नाही' म्हणायचं तर चिंदरकरांच्या घराण्यात ते आजवर कोणाला जमलेलं नाही. घरी येऊन त्याने दरवाजा सताड उघडा केला, येईल त्याला आत घेण्याची सोय केली, आणि प्रत्येकाच्या पानावर मेमरी अशी वाढली की बघणाऱ्याला वाटावं घरचंच लग्न आहे.

मग चाचणी झाली. प्राजक्ता, तो, त्याची मुलगी गौरजा आणि खास पाहुणे बाळा गावकर अशा चौघांनी एकदम बटणं दाबली. टोकनं हजर! अध्यक्ष खूश होऊन ओरडले, "विजेसारखा चलता रे ह्या!"

ते ऐकून पडवीत बसलेले भाई, म्हणजे गुरुप्रसादचे वडील, उठले आणि मागीलदारी निघून गेले.

भाईंसमोर विजेचं नाव काढायचं नसतं. आधार कार्डावर हे घर चिंदरकरांचं. गावात कोणाला चिंदरकर विचारा, सांगता यायचं नाही. काळोखे विचारा, पोर घरापर्यंत आणून सोडेल. भाई तरुणपणी वायरमन होते. एका जत्रेत लायटिंगचं काम त्यांच्याकडे आलं. खाजेवाला म्हणाला, एक बल्ब जास्त दे. बांगडीवाला म्हणाला, माका दोन. भाईंनी कोणाला नाही म्हटलं नाही, सगळ्यांना एकाच तारेवरून दिलं. आणि पालखी देवळाच्या पायरीवरून खाली उतरली त्याच क्षणी जे गेलं ते सगळंच गेलं. ढोलवाल्याने ढोल समजून पुढच्या माणसाची पाठ बडवली. त्या अंधारात कोणीतरी गळा फाडून ओरडलं, "चिंदरकर कसले मेले, काळोखे हे, काळोखे!" झालं. नाव पडलं ते पडलंच. लग्नपत्रिकेवर कंसात काळोखे, पोस्टमनच्या तोंडी काळोखे. त्या वर्षापासून भाई पालखीला गेले नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी गाय विणार असायची. गाय विकली तरी तिचं विणं दोन जत्रा चाललं.

आणि यंदा गौरजा शाळेतून रडत आली. तिला बघून वर्गातली मुलं म्हणाली होती, "काळोखे इले, बॅटऱ्या काडा!" भाई जेवत होते. ते पानावरून तसेच उठले. गुरुप्रसादने त्या दिवशी ठरवलं की यंदा साइट अशी चालवायची की हे नाव धुऊनच निघालं पाहिजे. आणि समजा पडली साइट, तर हे नाव गौरजाच्या नातवंडांपर्यंत जाणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची धास्ती होती ती ही.

त्याने देवीचं नाव घेतलं आणि साइट उघडली.

पहिली टोकनं कशी, सुपातले दाणे पाखडावेत तशी भराभर सुटली. गुरुप्रसादने जरा श्वास सोडला. "चलता हा!" तो ओरडला. तेवढ्यात तारीख व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. स्क्रीनवर मेमरीचा आलेख होता, तो बघता बघता वर चढला, आणखी चढला, वरच्या काठाला टेकला. चाक फिरायला लागलं. मग चाकही थांबलं. डेटाबेस गतप्राण होऊन पडला.

"अगे बाय माझे," गुरुप्रसाद एवढंच म्हणाला.

डेटाबेस आपणहून पुन्हा उठला. पण तोवर ज्यांचं काम अर्धवट राहिलं होतं त्या सगळ्यांनी पुन्हा बटणं दाबली होती, काहींनी दोन दोन फोनांवरून. बिचारा उठून डोळे चोळतो आहे तोच सगळी झुंड अंगावर आली आणि तो पुन्हा आडवा झाला.

मग फोन सुरू झाले. कसालहून सुगंधाआत्येचा पहिला.

"गुरू, माजा टोकन खंय अडाकला रे?"

"आत्ये, साइट पडली आसा."

"पडांदे. तू माजा तेवढा काड, मगे ती उचल."

त्याने फोन प्राजक्ताकडे दिला. प्राजक्ता तशी शाळेत शिकवणारी, तिच्याकडे फोनवर बोलायच्या दोन भाषा होत्या. "हो, तांत्रिक काम सुरू आहे, कृपया सहकार्य करा," असं ती अनोळखी माणसाला सांगे, आणि पलीकडून नातं निघालं की, "अगो, माका काय इचारतंस, हे थंय साबण लावन रडाचे बाकी रवलेत!" असं.

दगडी गडग्यापलीकडून शेजाऱ्याने मान उंच केली. "काय रे गुरू, काळोख पडलो म्हणे?" आणि आपल्याच बोलण्यावर तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. पडवीत भाई बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. गुरुप्रसादला ते लॅपटॉपवरून नजर न हलवताही दिसलं.

काय झालं ते त्याला एव्हाना कळून चुकलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं: एकाचा वाटा गुणिले माणसं. चाचणीला चौघं होते, चौघांना टोपभर वाढायला काय जातं? आता सगळा गाव एकदम पानावर बसला होता, प्रत्येकाच्या पानावर टोप उपडा झाला होता आणि कोठीत शीत उरलं नव्हतं. वाटे कमी करायला हवेत, लगेच करायला हवेत! त्याने आत शिरायचा प्रयत्न केला. जमेना. पुन्हा केला. जागाच नाही. घर त्याचं, किल्ली त्याच्याकडे, आणि दारात एवढी चेंगराचेंगरी की धन्यालाच आत पाय ठेवता येईना.

एकच उपाय होता. बाहेरचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करायचा. म्हणजे आत्ता निदान कधी उघडतंय, कधी मिटतंय अशी लुकलुक होती, ती पण जाणार. डोंबिवलीपासून कसालपर्यंत सगळ्यांच्या फोनवर मिट्ट काळोख. आणि तो कोणी केला? काळोख्यांच्या गुरूने केला. त्याचं बोट बटणावर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"किती जणांका दिलंस?"

त्याने वळून बघितलं. भाई मागे उभे होते.

"सगळ्यांका, भाई."

"एकदम?"

"होय."

भाई म्हणाले, "आता काय करूक व्हया?"

"सगळा बंद करूक व्हया. मगे आत जावन वाटे कमी करतलंय, आणि थोड्या थोड्या माणसांका आत घेतलंय. बाकीच्यांका थांबवचा लागतला. पण बाळाकाकांनी सांगलेला, कोणाक थांबवचा नाय म्हणान."

"माका पण तेच्या बापाशीन तसाच सांगलेल्यान," भाई म्हणाले. "तेव्हा तो अध्यक्ष होतो."

गुरुप्रसाद त्यांच्याकडे बघतच राहिला. आयुष्यभर त्याला काळोखाची गोष्ट जगाने सांगितली होती, भाईंनी आज पहिल्यांदा तिच्याबद्दल तोंड उघडलं होतं. त्याने वळून बटण दाबलं आणि साइट बंद केली.

नेमकी त्याच वेळी दारात स्कूटर थांबली आणि बाळा गावकर फोन नाचवत आत आले. "अरे, आता तर काय्येक दिसणा नाय! कोणी बंद केल्यान?"

"मी केलंय," गुरुप्रसाद म्हणाला. वाळलेल्या साबणाचा एक पापुद्रा त्याच्या गालावरून लॅपटॉपवर पडला.

"उघड आधी!"

"नाय."

शब्द निघून गेला. स्वयंपाकघराच्या दारात प्राजक्ताने फोन कानापासून लांब धरला. भाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. चिंदरकरांच्या घरात हा शब्द कोणी ऐकलाच नव्हता, त्यामुळे त्यापुढे काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

"नाय म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय म्हणजे... वायच रवा, काका. वायच रवा." 'जरा थांबा' एवढंच सांगून त्याने पाठ फिरवली आणि कामाला लागला. आता आत सामसूम होती. एकेकाचा वाटा त्याने बेताचा केला. सगळ्यांना मिळून जी सामाईक मेमरी लागते, तिला उरलेल्यातलं थोडं अधिक दिलं. एका वेळी आत किती जण, त्याचा आकडा बांधून टाकला. बाकीच्यांनी बाहेर ओळीत राहायचं, आणि राहणाऱ्याला काहीतरी पाटी दिसायला हवी. साइटवरचं सगळं लिखाण शुद्ध होतं, 'भाविकांनी कृपया नोंद घ्यावी' अशा थाटाचं. पण घाबरलेल्या माणसाला शुद्ध कुठून सुचायचं? जे जिभेवर होतं तेच बोटांतून उतरलं: 'वायच रवा. पुढची पंगत तुमची.'

त्याने डोळे मिटून साइट उघडली. डोळे उघडायला मात्र त्याला फार वेळ लागला.

आलेख चढला. अर्ध्यावर आला, आणखी थोडा चढला. प्राजक्ताने येऊन त्याचा खांदा धरला. आलेख तिथेच राहिला. जरा हलला, पुन्हा तिथेच. गुरुप्रसाद त्याच्याकडे असा बघत होता, की जणू नजर हटवली तर तो वर पळेल.

अध्यक्षांनी आपल्या फोनवर बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "वायच रवा? माका? अध्यक्षाक रवा म्हणता ह्या? तुज्या बापाशीन पालखीत काळोख केल्यान, आणि तू आता माका माज्याच देवीच्या दारात..." एवढ्यात फोन टुणकन वाजला. अध्यक्ष थांबले. फोन लांब धरून त्यांनी वाचलं.

"काय झाला?" भाईंनी विचारलं.

"इला," अध्यक्ष म्हणाले.

"काय इला?"

"टोकन इला. बायलेचा." त्यांनी भांडणाचं राहिलेलं वाक्य शोधून बघितलं, ते काही सापडलं नाही. मग भावजयीसाठी बटण दाबलं. 'वायच रवा' आलं, ते बाकड्यावर टेकले, टोकन आलं. मग विहीणबाईंसाठी दाबलं. त्यांना ते आवडायलाच लागलं.

प्राजक्ताच्या हातातला फोन वाजला. डोंबिवलीचा नंबर. तिने भीत भीत कानाला लावला आणि तयारीत म्हणाली, "तांत्रिक काम..."

"गे वैनी, तांत्रिक मरांदे," पलीकडचा माणूस हसत होता. "ह्या 'वायच रवा' कोणी लिवल्यान? ऑफिसात वाचलंय आणि माका आवस आठावली. जेवक बसताना अशीच सांगी. टोकन गावला हां, म्हणान फोन केलंय."

तसे मग खूप फोन आले. त्याला आई आठवली तशी कोणाला पंगत आठवली, कोणाला आजी, आणि सुगंधाआत्येला 'माका पयल्या पंगतीत कित्या घेवक नाय' हे विचारायचं आठवलं. पण टोकन सगळ्यांना मिळालं. दुपारची जेवणं व्हायच्या आत शेवटचं टोकन सुटलं आणि डेटाबेस एकदाही पडला नाही. गुरुप्रसाद उठून आरशापुढे गेला तेव्हा डाव्या गालावरचा साबण खरवडून काढावा लागला.

दोन दिवसांनी गौरजा शाळेतून उड्या मारत आली. "पप्पा, पोरां आता आमका पंगते म्हणतत! 'पंगते इले, पानां मांडा' म्हणतत!"

"काय म्हणतत?" भाईंनी पडवीतून विचारलं.

"पंगते."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. भाईंनी ते तिच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं, आणि मग काही कारण नसताना दुकानावर जाऊन आले.

तरी जत्रेच्या संध्याकाळी त्यांचा गुडघा दुखलाच. पण गौरजाने हात धरून ओढलं आणि गाय घरात नव्हती, त्यामुळे त्यांना यावं लागलं. सगळ्यांच्या मागे, खाजेवाल्याच्या मंडपाच्या खांबाला चिकटून ते उभे राहिले. ढोल वाजायला लागले. देवळाच्या पायरीवरून पालखी खाली उतरली, आणि फट् करून आख्ख्या वाडीची लाईट गेली.

यात भाईंचा काही संबंध नव्हता. लाईट गावात रोजच जाते. पण अंधारात त्यांनी गुरुप्रसादचं मनगट असं आवळलं की त्यावर बांगडीसारखा वळ उठला. ढोल थांबले. आता कुठूनतरी ते नाव येणार, हे त्या बाप-लेकांना इतकं ठाऊक होतं की दोघांनीही मान खाली घातली.

पलीकडच्या टोकाकडून एक खणखणीत आवाज आला, "वायच रवाऽऽ! पुढची पंगत तुमचीऽऽ!"

सगळं आवार खो खो हसलं. पालखीचे भोई हसले, भटजी हसले. मनगटावरचा हात हळूहळू सैल झाला, आणि गुरुप्रसादला जवळून एक हसू ऐकू आलं. ते कोणाचं, हे त्याला पहिल्यांदा ओळखूच आलं नाही. भाईंना असं हसताना त्याने ऐकलेलंच नव्हतं.

लाईट आली. पालखी पुढे निघाली. बाळा गावकर गर्दीतून वाट काढत आले. "कोण, पंगतेंचो भाई मा? पालखेक किती वर्सांनी रे! बरो इलंस. तो बघ, दीपमाळेकडचो बल्ब लागणा नाय. तुका कळता ता, बघ जरा."

भाईंनी बल्बकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग धोतराचा सोगा खोचला, कोणीतरी पुढे केलेल्या स्टुलावर चढले आणि वरच्या वायरीला हात घातला.

आसपासच्या माणसांनी कौतुकाने माना वर केल्या, आणि माना वर ठेवूनच एकेकाने हळूच खिशातला मोबाइल काढून टॉर्च लावून ठेवली. सगळ्यांत आधी लावली गुरुप्रसादने.